पेढी सोडली

बुडत्या कंपन्यांचे शेअर भोळ्या माणसांच्या गळ्यात मारणं जिवावर आलं, तेव्हा जोतीराम मुंबईच्या शेअरपेढीवरची नोकरी सोडून पिंपळीला परतला. आता बापासोबत मेंढरं राखायची, हे त्यानं आगगाडीतच ठरवून टाकलं होतं. कोट खुंटीला टांगून, खांद्यावर घोंगडी टाकून तो मेंढवाड्यात गेला, तर तिथं एक कोकरूसुद्धा नव्हतं.

"आप्पा, मेंढरं कुठं हायती?"

"इकली समदी. बारामतीच्या बाजारात शेअर इकणारा मानूस भेटला, त्येला पैका दिला." आप्पा कौतुकानं हसले.

जोतीरामनं खांद्यावरची घोंगडी खाली टाकली. "आवं, पन त्येला काय इचारलंसा तरी?"

 

"काय इचारायचं? तुज्याच पेढीचा हुता की त्यो."