तलवारीचं गाव

"नेपाळ म्हनू नका," चादरीत गुंडाळलेली तलवार टेबलावर ठेवता ठेवताच लुईझाने बजावलं. "नेपाळ सांगनारे दोघं झाले, भूतान सांगनारा एक. मला गाव पायजे."

जुनी हत्यारं जमवणारे सुधाकर सामंत हसले. लुईझाने त्यांची पाठच धरली होती. दुखरे गुडघे घेऊन, रिक्षा बदलत, उमेळ्याहून तुळिंजला त्यांच्या फ्लॅटवर ती यायची. रिक्षावाल्यांना वाटायचं, म्हातारी पडद्याची दांडी नेतेय.

हट्टाचं कारण एकच, जीना. लुईझाची थोरली बहीण, नर्स. मिशनच्या फिरत्या दवाखान्याबरोबर हिमालयात गेली होती. चाळीसेक वर्षांपूर्वी पप्पा तिला आणायला गेले आणि ही तलवार घेऊन एकटेच परतले. "जीना पुरात गेली," एवढंच बोलले. कुठे, कशी, ते विचारायची सोय नव्हती. पप्पांनी तोंड मिटलं की मिटलं.

तलवारीला मात्र दर नाताळात ते स्वतः तेल लावायचे. रोज चर्चला जाणारा माणूस, पण जीनाच्या आत्म्यासाठी त्यांनी कधी मिस्सेची प्रार्थना ठेवली नाही. लोक म्हणायचे, बापाचं काळीज, सोसत नसेल.

आता पप्पा नव्हते, तो दवाखानाही कधीच बंद पडला होता. उरली होती ही तलवार. डोळे मिटण्याआधी जीना गेली त्या नदीकाठी लुईझाला एक मेणबत्ती लावायची होती. त्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

"पातं तिबेटात घडवलेलं," सामंत म्हणाले, "पण म्यानावरची ही वेताची वीण अरुणाचलच्या एका खोऱ्यातली. तिथल्या एका ओळखीच्या मास्तरांना मी फोटो पाठवले होते. त्यांनी गावसुद्धा सांगितलं. नदीकाठीच आहे."

लुईझाने क्रूसाची खूण केली. तलवारीवर चादर ओढून घेत ती म्हणाली, "तिकीट काढते. थंडी पडायच्या आत जाऊन येते."

"बाई, एक विचारू?" सामंतांनी चष्मा काढून ठेवला. "तुमच्या पप्पांनी ही विकत घेतली होती का?"

"नाय. त्यांना दिली कोनीतरी. कोनी, ते नाय सांगितलं."

"मास्तरही तेच म्हणाले. तिथे अशी तलवार विकत मिळत नाही." सामंतांनी म्यानाच्या विणीवर बोट ठेवलं. "लग्न लागलं की नवऱ्या मुलाकडचे ती मुलीच्या बापाला देतात."