चौदा नंबरची छाती

पट्टी छातीच्या हाडामागून पुढे सरकली आणि पडदा लाल झाला.

"गेला," प्रज्ञेश म्हणाला. "पुन्हा?"

डॉ. पूर्वाने हातातला दांडा खाली ठेवला. पडद्यावर चौदा नंबरच्या पेशंटचं हृदय थांबलं होतं. सकाळपासून सातव्यांदा.

पेशंटची छाती जन्मापासून आत दबलेली. बगलेखालून पोलादी पट्टी घालायची, हाडामागून पलीकडे काढायची आणि उलटी फिरवून छाती वर उचलायची. मध्ये हृदय, अगदी चिकटून. स्कॅनवरून प्रज्ञेशने ती छाती सरावासाठी कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब उभी केली होती. सॉफ्टवेअर कंपनीने दोन महिन्यांसाठी हॉस्पिटलला दिलेला इंजिनिअर तो. फाइलवर नाव नव्हतं, नुसता नंबर. ऑपरेशन उद्या सकाळी होतं आणि तिचे वरिष्ठ सर्जन भीमराव सर पहिल्यांदाच पट्टी पूर्वाच्या हाती देणार होते. अट एकच: पेशंटने तिच्या नावाला मान्यता देऊन सही करायला हवी.

"त्याला हे सात वेळचं सांगायला हवं," पूर्वा म्हणाली. "लपवून सही घेणार नाही मी."

"सांगा की."

"मग कोण करेल सही?"

"त्याचं तो बघेल. चहा घेऊन येऊ."

कँटीन एकच मजला वर, तरी तो लिफ्टसाठी थांबला. हे आयटीवाले, पूर्वाच्या मनात आलं. वाघोलीहून दोन बस बदलून यायचा, ढगळ शर्ट घालायचा, खुर्चीत पोक काढून बसायचा. पेशंट मेला की एक कळ दाबून त्याला परत जिवंत करायचा. त्याच्या त्या थंडपणाचीच तिला जास्त भीती वाटायची. अरे, माणूस आहे तो, असं सांगावंसं वाटायचं.

"पट्टीचं टोक छातीतल्या कॅमेऱ्यात दिसेनासं झालं की तुम्ही थांबत नाही," चहा पिताना तो म्हणाला. "अंदाजाने ढकलता."

आठव्या वेळी मात्र ती थांबली. टोक दिसलं, मगच पुढे सरकली. पट्टी पलीकडे निघाली, फिरली, छाती वर आली. हृदय चालूच होतं.

प्रज्ञेश बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग बॅग उचलून निघून गेला.

संध्याकाळी भीमराव सरांचा फोन आला. "पेशंट दाखल झालाय. तुझ्या नावाला त्याची हरकत नाही, सही केलीय. जाऊन भेट."

म्हणजे त्याला कुणी काही सांगितलंच नसणार. पूर्वा जिना चढू लागली. आपण होऊन सांगायचं, मग त्याने सही मागे घेतली तरी चालेल. पण खरी भीती वेगळी होती. त्याने मागे घेतली नाही तर?

कॉटभोवतीचा पडदा सारून ती मान खाली घालूनच बोलू लागली. "मी डॉ. पूर्वा. उद्याच्या आधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. सरावात माझ्या हातून..."

"सात वेळा," कॉटवर उघड्या, खोल छातीने बसलेला प्रज्ञेश म्हणाला. "शेजारीच बसलो होतो, मॅडम."