पाचव्या नावापुढच्या दोन रेघा

पान दोनशे बारा तिसऱ्यांदा लाल झालं, तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

“काका, आता मात्र हद्द झाली हं तुमची!”

समोरच्या टेबलावरचे काका मान वर न करता म्हणाले, “मला दिसतं ते मी लिहितो, बाई.”

लष्करी दफ्तरखान्यातल्या या कामाची पद्धतच तशी होती. जुन्या लढाईच्या नोंदवह्यांची पानं संगणकाच्या पडद्यावर यायची, ती दोघांनी वेगवेगळी उतरवायची. दोघांचं जुळलं की पान हिरवं, आणि त्यावरच्या सैनिकांची कोठारात पडून राहिलेली सामानाची पाकिटं त्यांच्या घरच्यांकडे रवाना. नाही जुळलं की लाल. चौथ्यांदा लाल झालं तर पान चौकशीला जायचं, आणि चौकशी म्हणजे वर्षाची निश्चिंती.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात इथे येऊन बसल्या, त्या या एका पानासाठी. ते त्यांनी कधी लपवलंही नाही. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना वडिलांचं नाव सांगून ठेवलं होतं. काका तेव्हा कोपऱ्यात बसायचे. तिथे उजेड कमी पडतो म्हणून दुसऱ्या दिवशी बाईंच्या समोर आले, ते तिथेच राहिले. एकेका ठिपक्यावर अडून बसायचे, म्हणून बाईंनी त्यांचं नाव ठेवलं ठिपकेकाका. ऐंशी पार केलेला माणूस, पण रोज वेळेवर हजर. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला, “आई बरी आहे ना?”

आज बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. ते आता दिलं.

“आई बरी नाहीये, काका. डॉक्टरांनी हात टेकलेत. डोळे मिटायच्या आधी माझ्या वडिलांची एखादी वस्तू तिला हातात धरायचीय, बस, एवढंच. आणि तुम्ही दोन रेघांपायी अडून बसलाय!”

पानावर सात नावं होती. पहिल्यापुढे लिहिलं होतं, ‘नदी ओलांडताना ठार.’ खालच्या सहांपुढे नुसत्या दोन-दोन रेघा, म्हणजे वरच्याप्रमाणे. पाचवं नाव बाईंच्या वडिलांचं. त्याच्यापुढे बाईंनी ‘ठार’ लिहिलं होतं, आणि काकांनी तिन्ही वेळा ‘सांगता येत नाही’.

“बाकीच्यांच्या रेघा बऱ्या कळतात तुम्हाला! माझ्याच वडिलांवर का राग?”

काका उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“हे अक्षर माझं आहे.”

“काय?”

“मी त्या तुकडीत कारकून होतो, बाई. तुकडीत कारकून एकच असतो. हे पान मी लिहिलंय.”

दीड वर्ष समोरासमोर बसून चहा प्यायला, आणि हा माणूस म्हणत आला की जन्मभर लाकडाच्या वखारीत होतो.

“म्हणजे... ओळखत होतात तुम्ही त्यांना?”

“ओळखत होतो.”

“कसे होते हो?”

काका पडद्याकडेच बघत राहिले. “पोरगेलासा होता. फार घाबरायचा. घरी तान्ही मुलगी आहे, म्हणून सांगायचा.”

बाईंना एकदम भरून आलं. वडिलांनी आपल्याबद्दल कुणाला तरी सांगितलं होतं, हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं.

“पडताना पाहिलंत?”

“बाकीचे सहा जण पाहिले. त्याला नाही.”

“मग रेघा का मारल्यात?”

“मारल्या. दोन रेघांना कितीसा वेळ लागतो? त्यांचा पस्तावा मात्र आजतागायत पुरलाय.”

“वा! छान!” बाईंचा आवाज चढला. शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली. “त्या दोन रेघांवर माझ्या आईनं आयुष्य काढलंय. लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. दुसरं लग्न कर म्हणून सगळे हात धुऊन मागे लागले, तर म्हणायची, मी शूर माणसाची बायको आहे. आणि आता तुम्ही सांगता, सांगता येत नाही?”

“तो वाचला असला तर?” काका हळूच म्हणाले. “आईंना ते कळायला नको?”

“वाचला असता तर घरी आला नसता? बायको-पोरीला वाऱ्यावर सोडून साठ वर्षं तोंड लपवणारा माणूस असेल, तर तसल्या बापापेक्षा मेलेला बाप परवडला मला. आईलाही!”

काका वळले. परत जाऊन खुर्चीत बसले, रुमालानं चष्मा पुसला, मग एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं. पान हिरवं झालं.

बाईंचा राग लगेच उतरला. “मनावर घेऊ नका, काका. जीभ जरा सैल सुटली माझी.”

“छे हो. तुमचं काही चुकलं नाही,” काका म्हणाले आणि छत्री शोधायला लागले. छत्री त्यांच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. बाईंनी साहेबांना पत्ता विचारला, तर काकांनी तो कधी दिलाच नव्हता. भेटले की आधी माफी मागायची, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी पाकीट आलं. बाईंनी ते आईच्या पलंगावर बसून उघडलं. त्यात एक पितळी बटण, दात तुटलेला कंगवा आणि घडी घातलेला भरतीचा कागद निघाला. आईनं कंगवा घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा हसरा होता.

“कागदावर काय गं लिहिलंय? मोठ्यानं वाच.”

“उंची, पाच फूट पाच इंच. डोळे, तपकिरी. पत्नी, तुझं नाव आहे बघ. आणि मुलगी एक, वय चार महिने.”

“आणि काम? ते लिहिलंय का? पत्रात लिहायचे, मी सगळ्यात पुढे असतो, बंदूक घेऊन. ते वाच ना.”

बाईंनी खालच्या रकान्याकडे पाहिलं. त्यात, दोनशे बाराव्या पानावरच्याच अक्षरात, लिहिलं होतं: तुकडीचा कारकून.