मागची सीट

महिला मंडळात समानतेचा विषय निघाला की प्रमिलाताईंचा हात सगळ्यांत आधी विरोधात वर जायचा. "मला नाही हवी बाई समानता. आमच्या शालनचं काय झालं ते बघा."

शालन त्यांची धाकटी जाऊ. तिने हौसेने स्कूटर शिकून घेतली आणि तेव्हापासून मुलांची शाळा, भाजी, सासऱ्यांची औषधं, सगळं तिच्या अंगावर पडलं. पोळ्या मात्र सुटल्या नाहीत. प्रमिलाताई आपल्या नवऱ्याच्या, दिगंबररावांच्या, स्कूटरवर मागच्या सीटवर सुखात होत्या.

परवा बाजारात दिगंबररावांचा पाय मुरगळला आणि एकही रिक्षा थांबेना. प्रमिलाताईंनी पदर खोचला, त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि त्यांना मागे बसवून थेट दवाखाना गाठला.

"तुला गाडी येते?" दिगंबरराव थक्क झाले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"माहेरी चालवायचे. बोलले असते तर पोळ्या तुम्ही लाटणार होता का?"

संध्याकाळी दिगंबररावांनी सुजलेला पाय स्टुलावर ठेवला आणि मुकाट्याने परात मांडीवर घेतली. पुढच्या सभेत प्रमिलाताई समानतेच्या बाजूने हात वर करणार आहेत. कणीक नीट मळली गेली तर.