बाबांचे रंगीत ग्लास

"त्याला हात लावू नकोस आई. ते सगळं इथेच राहू दे," मुलगी म्हणाली.

आईने जांभळा ग्लास पुन्हा कपाटात ठेवला. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

कपाटात असे सहा ग्लास होते. सत्तर वर्षांपूर्वीच्या फॅशनचे, उंच दांड्याचे, कडांना सोनेरी रेघ. निळा, हिरवा, मधासारखा पिवळा. रंग इतके गडद की आत काय ओतलंय ते कळू नये. वडिलांनी ते जुन्या बाजारातून एकेक करून जमवले होते. त्यांचं काम घड्याळं दुरुस्त करण्याचं, आणि ग्लासही ते तितक्याच निगुतीने पुसायचे. कोपऱ्यातलं ते कपाट म्हणजे त्यांचा छोटा बार; त्याच्यापाशी कुणी फिरकलेलं त्यांना खपत नसे.

मुलीला त्या कपाटाची लहानपणापासून शिसारी यायची. त्याच्यापायी तिने कधी मैत्रिणींना घरी बोलावलं नाही. तिच्या लग्नात स्टेजमागे रिकामी बाटली सापडली, तेव्हा वडील व्याह्यांसमोर मान खाली घालून म्हणाले होते, "माझी आहे." त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

आणि मागच्या आठवड्यात आईचा हात मोडला.

"कशी पडली?" तिने फोनवर विचारलं होतं.

"माझीच चूक," वडील म्हणाले होते. "माझं लक्ष नव्हतं."

मग तिने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. आज ती गाडी घेऊन आली होती, आईला कायमची न्यायला.

"एकच नेते गं," आई म्हणाली. "आठवण म्हणून."

"कसली आठवण? ह्यांच्या दारूची?"

आईने दाराशी उभ्या वडिलांकडे पाहिलं.

"नेऊ दे तिला," वडील हळूच म्हणाले. "रिकामाच तर आहे."

मुलीचा तोल गेला. तिने जांभळा ग्लास उचलला आणि फरशीवर आपटला. आई हमसून हमसून रडायला लागली.

"बघा! अजून किती धसका घेतलाय तिने तुमचा!"

वडील गुडघे टेकून काचा वेचू लागले. बारीकसा तुकडाही त्यांनी चिमटीत अलगद धरला. बोटं जराही हलली नाहीत.

खाली आईला गाडीत बसवून झाल्यावर त्यांनी मुलीला बाजूला घेतलं आणि हातात एक घडी घातलेला कागद दिला.

"तिच्या औषधांचं आहे. तिच्यासमोर वाचू नकोस."

"आता तिची काळजी तुम्ही करू नका, बाबा. आणि फोनही करू नका."

"बरं," ते म्हणाले.

वाटेत औषधांच्या दुकानापाशी तिने गाडी थांबवली. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिने घडी उलगडली. अक्षर बारीक, नेटकं होतं.

'संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिला कापरं भरेल. घाबरू नकोस, ओरडू तर मुळीच नकोस. डॉक्टर हळूहळू कमी करताहेत, रोज किती घोट द्यायचे ते खाली लिहिलंय. एकदम बंद केलीस तर जिवावर बेतेल. ती न्हाणीघरात गेली की दाराबाहेर उभी राहा, त्या दिवशी मी नव्हतो. आणि घरात कधी बाटली सापडलीच, तर जावईबापूंना माझी म्हणून सांग. त्यांना ते पटेल.'