हारापुरती शिडी

“अरे, खाली घ्या की मला!” नगराध्यक्ष वरून ओरडले. जयंतीला पुतळ्याला हार घालायला त्यांना दरवर्षी आमच्या अग्निशमन दलाचीच शिडी लागते. यंदा नको म्हटलं तरी मागवली. हार गळ्यात पडला आणि शिडी वरच अडकली.

ती बिघडलीय, हे आम्ही तीनदा लेखी कळवलं होतं. गेल्या महिन्यात आग लागली तेव्हा शिडीचा भरवसा नव्हता, म्हणून आमच्या दलातले घुगेमामा एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन, धुरातून चार मजले उतरले. तरी तिन्ही अर्जांना उत्तर एकच.

बँड थांबला. साहेबांचा फेटा सुटून नाकावर आला.

“घुगे, काहीतरी करा!”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला, खिशातून साहेबांच्याच सहीचं पत्र काढलं आणि माईकवर खणखणीत वाचलं, “आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार सुरू आहे.”