ड्रॉवरमधला माईक

लिनक्सवर विंडोजचा गेम चालवायचा म्हणजे मधल्या सॉफ्टवेअरच्या नाकदुऱ्या काढणं आलं. दुपारभर डोकं खाऊन एकदाचा गेम सुरू झाला, पण माईक काही केल्या चालेना. वैतागून मी तो उपटला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

परगावची ताई गेममध्ये आली. मी टाइप केलं, "माईक बंद आहे. तू बोल, मी लिहितो."

"बंद कुठे? चांगला ऐकू येतोयस," हेडफोनमधून ताई म्हणाली. "पण 'दार उघडू नकोस, दार उघडू नकोस' असं काय पुटपुटत बसलायस?"

घरात मी एकटाच होतो. मी लिहिलं, "ताई, मी बोलतच नाहीये."

ती हसली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"हं," ताई म्हणाली, "आता कसा गप्प झालास."